दोन आवडल्या, एक राहिली

१२ जानेवारी

चि. टाचणी,

...आणि त्या दिवशीही मी रोजच्यासारखा आधी केर काढला. बाइंडरच्या घरातला केर म्हणजे कागदाच्या बारीक पट्ट्या. आदल्या दिवशी कापलेल्या वह्यांच्या कडा सकाळी पायांना चिकटत फिरतात. मग पाणी भरलं, स्टोव्ह पेटवला आणि खळ शिजायला ठेवली. मैदा, पाणी आणि कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. खळ सारखी ढवळावी लागते, लक्ष गेलं की गुठळ्या होतात. ढवळताना मनगट भाजलं, ते थंड पाण्याखाली धरलं. यांनी उभ्यानेच चहा घेतला, सुरीची धार नखावर पाहिली, दोन जाड रजिस्टरं शिकंजात, दाबाच्या लोखंडी चापात, आवळली. उरलेल्या कोऱ्या कागदांची एक छोटी वही शिवून माझ्या ताटाशेजारी ठेवली, अडलेले शब्द लिहून ठेवायला. दुपारी ते शिकंजापाशीच खाली बसले आणि परत उठले नाहीत.

पहिल्याच पत्रात हे सगळं का सांगते आहे, असं वाटेल तुला. आपल्या ऑनलाइन लेखन-कट्ट्याच्या मास्तरांनी या खेपेला एकमेकींच्या कथा वाचायला तुझी नि माझी जोडी लावली आहे, आणि तुझी 'ड्रॉवर' ही कथा वाचून झाल्यावर मला ती वही आठवली.

कट्ट्यावर मला सगळे पुठ्ठाकाकू म्हणतात. शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचन नवऱ्याच्या दुकानात, शिलाईला आलेल्या पुस्तकांच्या सुट्या गठ्ठ्यांतून. सोळा पानं हातात यायची, पुढची सोळा कुठेतरी तळाशी. कित्येक कादंबऱ्या मी शेवटाकडून सुरुवातीकडे वाचल्या आहेत. आता दुकान नाही, हे नाहीत, पण वाचायची खोड गेली नाही.

तर कट्ट्याच्या रिवाजाप्रमाणे आवडलेल्या दोन गोष्टी आधी, राहिलेली एक मग. आणि हे खरंच घडलं का, असं कुणी कुणाला विचारायचं नाही.

आवडली ती पहिली. नवरा मशीनचा ड्रॉवर तिच्या बोटांवर लोटतो तेव्हा तू तिचं ओरडणं लिहिलं नाहीस. आतल्या बॉबिन्स खुळखुळल्या, एवढंच लिहिलंस. दुसरी, ती दुसऱ्या दिवशी कापड दुकानात कामाला जाते, बोटं मशीनमध्ये सापडली म्हणते, आणि सगळे ते खरं मानतात. ते 'हो का, जपून गं' मला फार लागलं.

राहिलं ते नवऱ्याचं. तो नुसता काळा आहे. येतो, मारतो, जातो, आणि मग ती बहिणीकडे निघून जाते. मी माणूस बघायला गेले आणि मला नुसता हात दिसला. वाईट माणसालाही एक तरी चांगली गोष्ट द्यावी, म्हणजे वाचक त्याच्यावर विश्वास ठेवतो. तो गॅरेजमध्ये काम करतो ना? मग घरी आल्यावर काय दुरुस्त करतो, ते शोध.

तुझी,
पुठ्ठाकाकू


२० जानेवारी

ती. काकूंना नमस्कार.

माझ्या कथेला इतकं मोठं पत्र येईल असं वाटलं नव्हतं. मास्तरांनी 'भाषा ओघवती आहे' एवढंच लिहिलं. तेच त्यांनी कट्ट्यावरच्या कविराजांच्या चार ओळींनाही लिहिलं होतं, ज्यात वाहायला जागाच नव्हती. कविराजांनी मला हात जोडल्याचं चित्र पाठवलं. ते सगळ्यांनाच पाठवतात, बहुतेक न वाचता.

खरं सांगू, तुमचा आधी राग आला. तोंडात टाचण्या धरून गिऱ्हाइकाची बाही आखूड करत होते म्हणून वाचले, नाहीतर दुकानातच काहीतरी बोलून बसले असते. चांगली गोष्ट म्हणे. पण प्रश्न डोक्यातून जाईना. घरी येताना एकदम सुचलं.

तो तिच्या मशीनला तेल घालतो. दर रविवारी. तिला न सांगता, आंघोळीच्या आधी, कळकट कपड्यांत. मशीनचं डोकं मागे कलतं करतो आणि खालच्या एकेका सांध्यात थेंब सोडतो. पायपट्टीची एक कड तिच्या तळव्याला टोचायची, ती त्याने कानशीने घासून गोल करून दिली. आणि तेलाची कुपी राहते त्याच ड्रॉवरमध्ये.

लिहिताना रडायला आलं. ताईने विचारलं, काय झालं? म्हटलं, गोष्ट लिहितेय. ती म्हणाली, मग आनंदाची लिही ना, कोणी अडवलंय? तिच्या हॉलमध्ये माझ्या गादीपाशीच तिचं इस्त्रीचं टेबल आहे. मी लिहीत असले की मुद्दाम जोरात इस्त्री आपटते.

नवा खर्डा सोबत आहे. आता दिसतो का बघा.

तुमची,
टाचणी


२९ जानेवारी

चि. टाचणी,

तेलाची कुपी वाचली आणि एकटीनेच टाळी वाजवली. शेजारीण डोकावून गेली.

आता तो माणूस झाला. पायपट्टी घासताना लोखंडाचा कीस फुंकून टाकतो, तिथे तर मी त्याच्या बाजूने झाले. ज्या ड्रॉवरमध्ये कुपी, त्याच ड्रॉवरमध्ये बोटं. असं ठरवून कुणाला जमत नाही.

राहिली ती एक. शेवट. ती बॅग उचलते, दार लावते, संपलं. आता एवढ्या सहज ती जाऊ शकेल असं मला वाटत नाही. ज्याने पायपट्टी घासून दिली त्याला असं दाराआड टाकता येतं का? तो बहिणीच्या दारात येऊ दे. काही न बोलता उभा राहू दे. तिची घालमेल होऊ दे, आणि तिने परत जावं असं वाचकाला आतून वाटू दे.

माझ्यावरून सांगते. आमचे हे काही देवमाणूस नव्हते. तापट होते. एकदा खळीचं पातेलं भिरकावलं होतं, भिंतीवरचा डाग अजून आहे. पण आज मला आठवते ती वही. माझी नणंद येते तेव्हा म्हणते, वहिनी, तू माझ्या भावाला लिहून लिहून इतका गुळगुळीत केलास की मलाच ओळखू येत नाही. तिला काय कळतंय म्हणून मी चहा पुढे करते.

ताईचं वाचून हसू आलं. घर तिचं आहे, इस्त्री आपटणारच.

पुठ्ठाकाकू


११ फेब्रुवारी

ती. काकू,

दुसरा खर्डा कट्ट्यावर टाकला. तुम्ही पाहिलंच असेल. सगळ्या बायका माझ्या नवऱ्याच्या, म्हणजे कथेतल्या, प्रेमात पडल्या. एकीने लिहिलं, असा तेल घालणारा मलाही मिळू दे. तुमचं नाव घेऊन मास्तर म्हणाले की पात्र गोल कसं करावं याचा हा धडा आहे.

एकाच बाईंनी वेगळं लिहिलं. त्या निवृत्त नर्स आहेत ना, सिस्टर, त्यांनी. एकच ओळ होती: "मला हा माणूस पहिल्याच खर्ड्यात नीट दिसला होता, आणि बाईची बोटंही." सगळे त्यांच्यावर तुटून पडले. दोन आवडलेल्या न सांगता थेट टोचायचं ही कुठली पद्धत? संध्याकाळी मास्तरांनी ती ओळ काढून टाकली. मला बरं वाटलं, आणि का कोण जाणे, जरा वाईटही.

तिसरा खर्डा चालू आहे. तुम्ही म्हणालात तसा तो येतो. पण बहिणीच्या दारात नाही, दुकानात. अल्टरेशनच्या टेबलासमोर उभा राहतो. हातात तेलाची कुपी. म्हणतो, मशीन गंजायला लागलंय. एवढंच. माफी मागत नाही, हात धरत नाही. काउंटरवरची पोरगी गालात हसते. ती बाई हातातली कात्री खाली ठेवायची विसरते.

इथे अडलेय. काकू, तुम्ही वाचक म्हणून मला एक सांगा. ती जाईल का?

टाचणी


१३ फेब्रुवारी

चि. टाचणी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मध्येच तुला एक प्रश्न लिहिला होता, तो पुसला. कट्ट्याचा नियम आपणच पाळायचा नाही तर कोणी?

सिस्टरचं मनावर घेऊ नकोस. जन्मभर जखमाच बांधल्या तर माणसाला जखमाच दिसणार. वाचायला बसताना ते बाजूला ठेवावं लागतं.

मला वाचक म्हणून विचारतेस तर सांगते. ती जाईल. कुपी घेऊन दुकानात येणारा माणूस मी तरी परत पाठवला नसता. 'मशीन गंजायला लागलंय' हे माफीपेक्षा मोठं आहे. आणि तिने जावं. ती गेली तरच पुढे त्यांचं काय होईल हा प्रश्न वाचकाच्या मनात राहील. गेली नाही तर गोष्ट तिथेच मिटते.

शेवट लांबवू नकोस. कात्री खाली ठेवते, टेबलाचा दिवा बंद करते, बस.

पुठ्ठाकाकू


२ मार्च

ती. काकू,

घाईत लिहितेय. कथा पूर्ण केली. शेवट तुम्ही सांगितला तसाच आहे. दिवा बंद करते तिथे थांबले.

यापुढे पत्रं कमी होतील. ताईकडचा कॉम्प्युटर आता हाताशी नाही, आणि फोन दोघांत एकच आहे. तरी जमेल तसं लिहीन.

मशीन छान चालतंय. आवाजसुद्धा येत नाही.

ताई बोलत नाही माझ्याशी. ती तुमच्यासारखी वाचणारी असती तर तिला कळलं असतं. तुम्ही भेटला नसता तर मी त्याला कधी नीट पाहिलंच नसतं. हे तुमचे उपकार.

टाचणी


१९ एप्रिल

चि. टाचणी,

आधीच्या दोन पत्रांना उत्तर नाही. मास्तरांनी नवी जोडी लावून दिली आहे, एक पोस्टमन आहेत, कुत्र्यांच्या गोष्टी लिहितात, चांगल्या लिहितात. पण माझं लक्ष नाही.

फेब्रुवारीत पुसलेला प्रश्न आता विचारते. कट्ट्यावरून काढलं तर काढू देत. ही तुझी गोष्ट आहे का?

असेल तर मला पत्ता कळव. नसेल तर म्हातारीला हस, पण कळव.

पुठ्ठाकाकू


६ मे

बाई,

मी तिची ताई. गोष्टीतली आणि खरी, दोन्ही. तिचं खातं माझ्या कॉम्प्युटरवर उघडंच राहिलं होतं, म्हणून तुमची सगळी पत्रं वाचली. मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही, त्यामुळे दोन चांगल्या गोष्टी आधी सांगणार नाही.

तुमचा प्रश्न वाचला. उत्तर, हो.

या वेळी ड्रॉवर नव्हता. रविवारी तो मशीनला तेल घालत होता. तुम्हाला तो प्रसंग आवडला होता ना, म्हणून नीट सांगते. मशीनचं डोकं मागे कलतं केलेलं होतं. तिला म्हणाला, खालचा दट्ट्या जरा धर. तिने हात आत घातला. सकाळपासून कसला तरी राग धरून होता, कसला ते तिलाही माहीत नाही. त्याने डोकं सोडून दिलं. ओतीव लोखंड आहे ते. उजव्या हाताची तीन बोटं. डॉक्टर म्हणतात हाडं जुळतील, पण मिटणार नाहीत. कात्री विसरा.

दवाखान्यात तिने सांगितलं, मशीनमध्ये सापडली. मानलं त्यांनी.

जानेवारीत ती माझ्याकडे आली होती ते कायमची. मी गादी घालून दिली, कामावर नेऊन सोडत होते, परत आणत होते. माझ्या घरात तिला झोप लागायला लागली होती. आता मी तिला न्यायला जाते तर येत नाही. म्हणते, "ताई, तू त्याला नुसता काळा बघतेस. माणूस बघ." हे बोलणं तिचं नाही हे मला तेव्हाच कळलं होतं. कुणाचं आहे ते आता कळलं.

पत्ता खाली दिला आहे. तो सकाळी गॅरेजला जातो. तुम्ही तिला आत पाठवलंत. मी हाक मारून थकले. तुमचं ती ऐकते.


१७ मे

मास्तर,

स.न.वि.वि.

कट्ट्याच्या अंकासाठी तुम्ही आमच्या जोडीचं टिपण मागितलंत, की एका खर्ड्यापासून दुसऱ्यापर्यंत कथा कशी पिकत गेली. हे टिपणच समजा. छापण्याजोगं नाही.

'ड्रॉवर' ही कथा नव्हती. टाचणीच्या उजव्या हाताची तीन बोटं निकामी झाली. कशी झाली ते तिच्या ताईचं पत्र जोडलं आहे त्यात आहे. सिस्टरची काढलेली ओळ तेवढी परत लावा. आपल्या सगळ्यांत तिला एकटीलाच वाचता येत होतं.

पत्र आल्यावर दोन दिवस मला काही सुचलं नाही. मग नणंदेला बोलावून घेतलं. म्हटलं, तुझा भाऊ गेला त्या दिवशीची सकाळ मी कशी लिहिली आहे ते ऐक. कट्ट्यावर ती तीनदा आली आहे, तुम्हीही तिला ओघवती म्हणाला होता. तिने ऐकलं आणि रिवाजाप्रमाणे सांगितलं, कारण कट्ट्याचा हा रिवाज तिने माझ्याकडूनच ऐकलेला. "केर आवडला. वही आवडली. आणि वहिनी, मनगट आपोआप भाजतं होय?"

मग मी ती सकाळ पुन्हा लिहिली. खळीत गुठळ्या झाल्या होत्या. यांनी पाहिल्या. माझा हात धरला आणि पातेल्यात दाबला. खळ चिकटते, पाण्यासारखी निथळत नाही. मी नळाखाली हात धरून उभी होते तेव्हा यांनी मागे बसून ती वही शिवली. वही खोटी नाही. पण मनगट भाजल्यावर शिवलेली आहे, आणि त्या हाताने मला पुढे कितीतरी दिवस पेन धरता आलं नाही. संध्याकाळी घरात माणसं जमली, सगळे रडले, मीही रडले. आणि त्यानंतर कित्येक वर्षांनी मला गाढ झोप लागली. हे मी कधीच लिहिलं नव्हतं.

गेलेल्या माणसाला कितीही चांगलं करा, त्याने काही बिघडत नाही. तो उठून हात धरायला येत नाही. तेच डोळे मी त्या मुलीला दिले, जिचा माणूस संध्याकाळी घरी येतो.

परवा तिच्या ताईला घेऊन तिच्याकडे गेले. दोन खोल्या, खिडकीशी मशीन, वर स्वच्छ कापड झाकलेलं. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. मला वाटलं होतं त्याहून लहानखुरी आहे. हात गळ्यातल्या झोळीत. मला बघून उठली, डाव्या हाताने चहा ठेवायला लागली, साखर सांडली. ताई दारातच उभी राहिली, रस्त्याकडे बघत.

मी नवी सकाळ वाचून दाखवली आणि बाही वर केली. ती त्या मनगटाकडे खूप वेळ बघत राहिली. म्हटलं, सांग आता. दोन आवडल्या, एक राहिली.

ती म्हणाली, "काकू, पण तेल तो खरंच घालतो हो."

"माहीत आहे," म्हटलं. "वहीही खरीच होती."

तिने कप पुढे केला. ताईने बॅग आणली होती, ती रिकामीच कोपऱ्यात राहिली. चहा झाल्यावर तिने हळूच सांगितलं की त्याची जेवायला यायची वेळ झाली, तुम्ही निघा. दारापर्यंत आली. माझी बाही वरच राहिली होती, ती तिने डाव्या हाताने खाली ओढून दिली, शिवणकाम करणाऱ्या बाईच्या सवयीने, शिवण सरळ करून.

रस्त्यात ताई म्हणाली, "झालं समाधान?" बस आली, दोघी वेगवेगळ्या बाकांवर बसलो.

दुसऱ्या दिवशी मी सकाळी केर काढला, पाणी भरलं, दाराला कुलूप लावलं आणि पुन्हा तिच्याकडे गेले.

पुठ्ठाकाकू